वाटलेली पत्रकं परत मागताना

तुम्ही शेवटचे बालगृहात गेला होतात तेव्हा किती फोटो काढलेत, आणि फोटोतल्या एका तरी मुलाला आधी विचारलं होतंत का?

उत्तर मला नको आहे. या प्रश्नात मी स्वतः नापास झाले आहे. कशी झाले, तेच सांगायला बसले आहे.

आमच्या कर्जतला शनिवार-रविवारी फार्महाउसवाल्यांच्या गाड्या येतात. त्यातली एखादी बालगृहाच्या फाटकाशी थांबते. केक उतरतो, फुगे उतरतात, नटलेलं एक मूल उतरतं. आतल्या मुली सतरंजीवर रांगेत बसतात आणि त्या अनोळखी मुलासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणतात. मग फोटो होतात आणि गाडी नदीकाठच्या बंगल्याकडे निघून जाते. आमच्या घरी जी मुलगी आली, तिला अशी किती वाढदिवसाची गाणी म्हटली ते आठवत नव्हतं. स्वतःचा कधी येतो हेही तिला माहीत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर एक जूनची तारीख होती, अर्ध्या वर्गाची असते तशी.

तिचं नेमकं वय, तिची वाडी, ती बालगृहात कशी पोचली, यातलं काहीही इथे मिळणार नाही. एकदा मी ते सगळं छापलं होतं.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, कर्जत-खोपोली रस्त्यापासून थोडं आत. वडील खोपोलीच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. पण गावात त्यांची ओळख पत्रकांमुळे. वस्तीला नळ मिळावा, स्मशानाचा रस्ता मोकळा व्हावा, जयंतीच्या मिरवणुकीत डीजे नको, ग्रंथालय हवं, प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी पत्रक काढलं. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या कच्च्या खर्ड्यांवर. दुसरीत होते तेव्हा ‘निषेध’ हा शब्द मला लिहिता येत होता, ‘फुलपाखरू’ येत नव्हता. आज मी कर्जत स्टेशनजवळच्या झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, सातबाराचे अर्ज. आणि मध्येच एखादं पत्रक, तेवढ्यासाठी मी ते काम धरून आहे.

आई अंगणवाडीत मदतनीस. तिच्या एका मीटिंगला बाल संरक्षण विभागाच्या अधिकारी बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, संस्थेतल्या काही मुलांना घरी कुणी उरलेलं नाही, नातेवाईक तयार नाहीत, अशांसाठी आम्ही कुटुंबं शोधतोय. दत्तक नव्हे. मूल तुमच्या नावावर होणार नाही. तुम्ही ते वाढवायचं, आम्ही तपासायला येणार, आणि उद्या त्याचं कुणी रक्ताचं परत आलं नि बाल कल्याण समितीला योग्य वाटलं तर त्याला सोडायचं. बाहेर याला फॉस्टर केअर म्हणतात, कागदावर प्रतिपालक कुटुंब.

आई घरी आली, भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, “आपल्याकडं मागची खोली रिकामीच हाय.”

वडिलांनी आधी नियम लेखी मागवले. दोनदा वाचले, लाल पेनानं खुणा केल्या. कायद्यातच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे वाक्य त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. “शेवटचा,” ते म्हणाले. “आणि हे लोक पहिलाच तो करतात.”

अर्ज देऊन वर्ष होत आलं तेव्हा चौकशी झाली. अधिकारी बाईंनी संडास पाहिला, पाण्याची टाकी पाहिली, शेजाऱ्यांना विचारलं. त्या गेल्यावर शेजारची काकू आईला म्हणाली, “स्वतःची एक धडधाकट हाय ना गं? दुसऱ्याची कशाला ओढून आणतेस?”

“एक वाढवली म्हणून तर ठावं हाय पोर कशी वाढते,” आई म्हणाली. “तू चार वाढवल्यास. तू पण भर की अर्ज.”

काकू हसली आणि विषय म्हशीवर गेला.

मुलगी आली ती एका प्लास्टिकच्या पिशवीत दोन ड्रेस आणि रुमालात बांधलेला साबण घेऊन. पहिल्या संध्याकाळी आईनं चुलीवर भाताचं पातेलं ठेवलं, तर ही वाकून बघत राहिली. “एवढ्याशात भात होतो?” तिनं विचारलं. तिनं भात फक्त तिथल्या मोठ्या टोपातला पाहिला होता, दोन बायका कापड धरून उतरवतात तो. जेवायची वेळ झाली की ती ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. एकटीच, पण रांगेत असल्यासारखी, पुढे एक हात जागा सोडून. आईला मॅडम म्हणायची. आणि तहान लागली की माठापाशी जाऊन थांबायची. आम्ही बघितलं नाही तर थांबूनच राहायची. बघितलं की म्हणायची, “पाणी पिऊ का?”

दोन महिने हे चाललं. आई दर वेळी तितक्याच शांतपणे म्हणायची, “पी की गं बाय, माठ तुझाच हाय.” मला ते जमलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक जायची. घरात पाणी प्यायला जी परवानगी मागते, तिच्याशी त्या इमारतीनं काय केलं असेल? मी रागावले की एकच गोष्ट करते, ती मी केली.

दुकानात दुपारच्या वेळी कॉम्प्युटर रिकामा असतो. एका दुपारी पत्रक लिहून झालं. वर जाड अक्षरात ‘पाणी पिऊ का?’ आणि खाली सगळी हकिकत. बालगृहातली रांग, साबणाचा रुमाल, दाराशी ताट घेऊन उभी राहणारी मुलगी. मी तिचं नाव घातलं नाही. मला वाटलं, एवढी काळजी पुरे.

खर्डा वडिलांना दाखवला. ते चष्मा लावून वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. “कुठली मुलगी? वाडी घाल. आई कशी गेली ते घाल. गाव, घटना नसेल तर लोक म्हणतात मनचं लिहिलंय.” हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. नळाच्या पत्रकात त्यांनी कोणत्या घरातली बाई किती वाजता हंडा घेऊन कुठवर चालते ते लिहिलं होतं, म्हणून नळ आला. मी वाडी घातली. आई कशी गेली ते घातलं.

आई पलीकडे शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “तिला दाखवलंस का?”

“तिच्याच भल्याचं आहे, आई.”

आई शेंगा सोलत राहिली.

पाचशे प्रती, पिवळ्या कागदावर. कर्जतच्या बाजारात वाटल्या, खालापूरला तहसीलबाहेर वाटल्या. कशेळ्याला बाजाराच्या दिवशी मुद्दाम गेले, कारण आसपासच्या वाड्यांतले लोक तिथे उतरतात. त्यांना कळलं पाहिजे असं मला वाटत होतं. बालगृहाच्या फाटकावरही एक गठ्ठा ठेवून आले. त्या दिवशी घरी येताना मी खूश होते, हे लपवून उपयोग नाही.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, अधिकारी बाई आल्या. बसल्या नाहीत. पारदर्शक फोल्डरमधून पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो. त्यात खोटं काही नाही.”

“खोटं आहे असं मी म्हटलंच नाही. वाडी तुम्ही लिहिली. आई कशी गेली ते लिहिलं. आमच्या घरी आहे असं लिहून खाली तुमचं नाव, गाव टाकलं. आता कुणाला ओळखायला काय बाकी राहिलं?”

“पण नाव…”

“ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, असा कायदा आहे. बालगृहांना आम्ही यासाठी नोटिसा देतो. कुटुंबाला पहिल्यांदाच द्यावी लागते आहे.” मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “शाळेत काय चाललंय माहीत आहे का तुम्हाला?”

आम्हाला माहीत नव्हतं. शाळेच्या नळावर मुलं रांग करत होती आणि तिच्यासमोर हात जोडून म्हणत होती, “मॅडम, पाणी पिऊ का?” आठवडाभर. तिनं घरी एक शब्द काढला नव्हता.

तेवढ्यात ती आतून आली, पाहुण्यांना पाणी द्यायला. हे आईनं शिकवलेलं. तांब्या-पेला टेबलावर ठेवताना तिनं कागद पाहिला आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. ती बोट लावून वाचते. बोट तिसऱ्या ओळीवर गेलं, चौथ्या ओळीवर गेलं, तिच्या आईच्या ओळीवर थांबलं. कुणी कागद ओढून घेतला नाही. मी सुद्धा नाही.

“शुक्रवारी समितीपुढे या,” अधिकारी बाई आईला म्हणाल्या. “हिला घेऊन. आदेश चालू ठेवायचा की रद्द करायचा, ते ठरेल.”

“रद्द म्हणजे परत?” मुलीनं विचारलं.

बाईंनी खोटं सांगितलं नाही. “ठरलेलं नाही अजून.”

“शुक्रवारी सकाळी की दुपारी?”

“सकाळी.”

ती मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं आई गेली तेव्हा तिनं कपडे घडी करून ठेवले होते, साबण रुमालात बांधला होता. ती रडत नव्हती. आईला म्हणाली, “सकाळी घाई होते, म्हणून.”

त्या दिवसापासून तिनं आमच्यादेखत पाणी पिणं सोडलं.

बुधवारी मी दुकानातून सुट्टी घेतली आणि पत्रकं परत मागायला निघाले. असं कुणी करत नाही. वाटलेलं पत्रक लोकांचं झालं, असं आमच्या घरात मानतात. पण ती वाऱ्यावर जितके दिवस राहतील तितके दिवस नळावर रांग लागणार होती, आणि समितीपुढे रिकाम्या हातानं जायचं धाडस मला नव्हतं.

कर्जतच्या बाजारात भजीवाला म्हणाला, “ताई, पंधरा-वीस तर बटाटाभज्यांबरोबर गेली. छान कागद होता, तेल पीत नाय.” उरलेल्या तीन त्यानं कढईमागून काढून दिल्या. त्यांवर तेलाचे डाग होते आणि डागातून वाडीचं नाव आणखी ठळक दिसत होतं. औषधाच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली एक लावलेली. दुकानदार म्हणाले, “चांगलं लिहिलंय, राहू दे की.” मी म्हटलं, मुलीला त्रास होतोय. ते म्हणाले, “मग लिहिलं कशाला?” आणि काच उचलली.

खालापूरला तहसीलबाहेरच्या अर्जनविसानं गठ्ठाच काढून दिला, त्यानं मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब-खर्डे करायला ठेवला होता. “पत्रकं वाटणारे लय बघितले,” तो म्हणाला. “परत मागणारी तूच पयली.”

गुरुवारी सकाळी कशेळ्याला गेले. जीपच्या थांब्यावरच्या भिंतीला कुणीतरी चिकटवलेलं होतं. मी बाटलीतलं पाणी ओतून ते नखांनी खरवडत होते. ड्रायव्हर बोनेटला टेकून बघत होते. एक म्हणाला, “काय गं, स्वतः लावायचं नि स्वतः काढायचं, रोजंदारीवर हाय का?” दुसऱ्यानं डिकीतून पत्र्याचा तुकडा आणून दिला. त्यानं कागद लवकर निघाला.

रानभाज्या विकणाऱ्या एका बाईकडे एक प्रत होती. घडी घालून कमरेच्या पिशवीत. मी मागितली तर तिनं पिशवीवर हात ठेवला.

“नाय देनार. ह्यात माझ्या भनीच्या पोरीचं लिवलंय.”

“मावशी, ही ती मुलगी नाही.”

“तुला काय ठावं? माझ्या भनीची पोर बी तशीच संस्थेत हाय. दोन वरसं झाली. मास्तरनं वाचून दावलं मला. पाणी इचारून पिते म्हनून.” तिचे डोळे भरले नव्हते, ती चिडली होती. “तू लिवलंस ना? मंग सांग, तिला घरी कशी आनायची? का नुसतं लिवतेस?”

मी पाचशे प्रतींत ते कुठेच सांगितलं नव्हतं. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून, एक ओळ होती: ‘मुलांना घरे द्या!’ कुठे जायचं, काय मागायचं, एक अक्षर नाही. मी वहीचं पान फाडलं. तिच्या बहिणीच्या मुलीला मावशी म्हणून ती स्वतः मागू शकते, नात्यातल्या घराला आधी विचारतात, त्यासाठी कोणत्या कार्यालयात कुणाला भेटायचं, ते सगळं लिहिलं आणि अधिकारी बाईंचा नंबर घातला. तिनं ते पान मास्तरला दाखवायला ठेवून घेतलं आणि पिवळी घडी माझ्या हातात दिली.

“हे आदी लिवायचं व्हतं,” ती म्हणाली.

दुपारी बालगृहाच्या फाटकाशी पोचले. इथे येणं मी शेवटपर्यंत टाळलं होतं. मुलींना सांभाळणाऱ्या मावशी, ज्यांच्याबद्दल मी पत्रकात ‘तथाकथित काळजीवाहक’ असं लिहिलं होतं, त्यांनीच फाटक उघडलं. साठीच्या असतील. गुडघ्याला पट्टा होता.

“ये. तुझीच वाट बघत होते,” त्या म्हणाल्या आणि कपाटातून गठ्ठा आणला. “बाकीच्या गोळा केल्या मी. दोन पोरींनी लपवल्यात, त्या सापडल्या की देते. पाठ तर सगळ्यांनीच केलंय.”

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं.

“पाणी. पाणी इचारून का पितात सांगू तुला? पस्तीस पोरी हायत. आमी दोघी. संध्याकाळनंतर पोटभर पाणी दिलं तर अर्ध्या जणी अंथरूण ओलं करतात, नवी आलेली तर हमखास. सकाळी शाळेच्या आधी ती अंथरुणं कोण धुणार, तू येतेस? एकीला ताप आला की एक बाई तिच्यापाशी, चौतिसांना एक. मंग इचारून प्यायचं, इचारून उठायचं, रांगेनं जेवायचं. तुज्या आईला एक पोर हाय, तिला नाय लागत. मी वाईट बाई म्हनून करत नाय गं.”

“म्हणूनच मी म्हणते, मावशी, घरं पाहिजेत. पस्तीस मुलींना दोन बायका हेच चूक आहे.”

“हे लिवलंस कुठं?” त्यांनी गठ्ठ्यावर टिचकी मारली. “तू लिवलंस आमी कशा हाव. घरं पायजेत ते खाली, मुंगीच्या अक्षरात. तुझं वाचून गाव आमाला शिव्या देऊन गेलं. घर द्यायला एक जण आला नाय.” मग गठ्ठा माझ्या हातात देत म्हणाल्या, “ती परत येनार हाय का?”

“उद्या कळेल.”

“यायला नको. मी सांभाळीन, पन यायला नको.”

आत कुणीतरी “मावशी” म्हणून हाक मारली, मग दुसरीनं, मग तिसरीनं. त्या फाटक लावून गेल्या.

शुक्रवारी आम्ही चौघं समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. मुलीच्या मांडीवर तिची पिशवी. माझ्या मांडीवर दुसरी पिशवी, त्यात परत मिळालेली पत्रकं, पाचशेतली निम्मीसुद्धा नाहीत. आधी आम्हाला आत बोलावलं. टेबलापलीकडे चार सदस्य आणि मधोमध अध्यक्ष बाई. मी चूक कबूल करून, पुन्हा असं छापणार नाही अशी लेखी हमी वाचली. घरात जन्मभर इतरांच्या चुका वाचल्या होत्या, स्वतःची पहिल्यांदाच वाचत होते.

वडील उभे राहिले. “वाडीचं नाव घालायला मी सांगितलं होतं.”

“तुम्ही गुन्हा वाटून घेऊ नका,” अध्यक्ष बाई म्हणाल्या. “इथे शिक्षा कुणाला द्यायची हा विषयच नाही. मूल कुठे सुरक्षित आहे, एवढाच विषय आहे. तुम्ही तिला घर दिलंत आणि तेच घर चव्हाट्यावर नेलंत. बालगृहानं तिचे फोटो काढू दिले तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

मी पत्रक काढलं असतं.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी इचारलं होतं, तिला दाखवलंस का म्हणून. आणि मी तिथंच थांबले. शेंगा सोलत बसले. मीच दाखवाया पायजे होतं.”

मग आम्हाला बाहेर काढलं आणि मुलीला एकटीला बोलावलं. ती पिशवी घेऊनच आत गेली. दार बंद झालं. वडिलांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं, उघडलं. आई भिंतीवरची लसीकरणाची जाहिरात वाचत होती, तिला ती तोंडपाठ आहे. आतून काही ऐकू येत नव्हतं. मला सारखं वाटत होतं की तिनं आत पाणी मागितलं तर तिला कोण देणार.

आतमध्ये काय झालं ते नंतर तिच्यासमोरच अधिकारी बाईंनी सांगितलं. कुठे राहायचं आहे असं विचारल्यावर ती म्हणाली, “तिकडे पण हसणार, इकडे पण हसणार. इकडे कमी जण आहेत. इकडेच राहते.”

एवढंच. आमच्यावर प्रेम आहे वगैरे काही नाही. चुकीची दुरुस्ती इतक्यावर झाली, आणि मला वाटतं तेवढी सुद्धा आम्ही कमावली नव्हती. समितीनं तीन महिन्यांपुरता आदेश चालू ठेवला. दर पंधरा दिवसांनी भेट, शाळेशी लेखी बोलणं, आणि मुलीबद्दल तिच्या आणि समितीच्या परवानगीशिवाय एक ओळ छापायची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि आदेश वाढला. शाळेतली रांग हळूहळू मोडली, वर्गाच्या बाईंनी कुणाला ओरडून नव्हे, तर मधल्या सुट्टीत रोज स्वतः नळाशी उभं राहून. घरात ती पाणी प्यायला लागली, आधी आम्ही अंगणात असताना, मग आमच्यासमोर. माझ्याशी बोलायला सगळ्यात उशीर लागला. मला ते योग्यच वाटतं.

हा लेख मी लिहिला, तो आधी तिला दिला. बोट लावून तो पूर्ण वाचायला तिला दोन दिवस लागले. तिनं तीन ठिकाणी पेन्सिलीनं काट मारली, ती वाक्यं आता इथे नाहीत. पाण्याचं ठेवू का, असं मी दोनदा विचारलं. “ठेव,” ती म्हणाली, “आता मी विचारत नाय ना.” भाताच्या पातेल्याशेजारी तिनं लिहिलं, ‘गमतीचं आहे, असू दे.’ मग समितीला दाखवला. त्यांनीही एक परिच्छेद कापला.

वाचून झाल्यावर तिनं मला विचारलं, “तिकडे माझ्या बाजूच्या कॉटवालीसाठी कोण येणार?”

आम्हाला मंजुरी एकीचीच आहे. दुसऱ्या मुलीसाठी अर्ज केला आहे, पण आमच्या चुकीनंतर तो लगेच मान्य होईल असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. ती बाजूच्या कॉटवाली रोज ताट घेऊन खऱ्या रांगेत उभी आहे. तिला सांभाळणाऱ्या मावशींच्या गुडघ्याला पट्टा आहे आणि त्यांच्याकडे पस्तीस जणी आहेत. माझं हे लिहिणं वाचून तुम्ही पुन्हा त्यांना शिव्या घालून उठलात, तर मी दुसऱ्यांदा तेच केलं असं होईल.

म्हणून गेल्या वेळी जे मुंगीच्या अक्षरात होतं, ते या वेळी सरळ सांगते. तुमच्या घरी एका मुलापुरती जागा आणि वेळ असेल, तर या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा आणि प्रतिपालक कुटुंबाचा अर्ज मागा. अर्ज संपलेत, साहेब नाहीत, नंतर या, असं म्हणाले तर केव्हा येऊ ते लेखी घ्या आणि त्या दिवशी पुन्हा जा. तुमच्याकडे जागा नसेल, पण तुमच्या नात्यातलं मूल संस्थेत असेल, तर तेच कार्यालय, तेच टेबल; आत्या, मावशी, काका म्हणून मागा, तुमचा हक्क आधी आहे. दोन्ही जमत नसेल तर ज्या एका घराला जमेल असं तुम्हाला वाटतं, त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा आणि हे त्यांना वाचून दाखवा. आणि मूल घरी आलं की त्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय कुणालाही सांगू नका.